मांडीवरच्या ओव्या

कोपरीच्या वाडीत, खाडीच्या अंगाला, रुडॉल्फ सुताराचा गाड्यांचा कारखाना होता. कारखाना म्हणायचं एवढंच, ताडाच्या झावळ्यांनी शाकारलेली एक लांब पडवी, तिच्या एका टोकाला लोहाराची भट्टी आणि दुसऱ्या टोकाला घर. पण ठाण्या-कल्याणातला जो कोणी चार माणसांत ऊठबस करणारा असेल, त्याचं शिगराम इथलंच. घोडा कोणाचाही असो, गाडी रुडॉल्फची.

थोरला लिनो रंग द्यायचा. धाकटा जेराल्ड चाकं बसवायचा. म्हातारा रुडॉल्फ लाकूड घडवायचा आणि दोघांना शिव्या द्यायचा. आणि लिनोचा रंग वाळला, त्याच्यावर रोगण चढलं, की मग पुरुषांनी हात धुवायचे. पुढचं काम घरातल्या बाईचं. मेणाचं.

खाडीची हवा खारट. रंग कितीही मन लावून दिला तरी ती हवा त्याला चाटत राहते, चाटत राहते, आणि एखाद्या वर्षात काळाभोर रंग जुन्या भांड्यासारखा पांढुरका पडतो. मेण म्हणजे रंगाची पासोडी. मेण, तेल आणि मुंबईहून येणारं वासाचं टरपेंटाइन मंद आचेवर एका हांडीत विरघळवायचं, थंड करायचं आणि तळव्याच्या उबेनं रंगावर चढवायचं. किती वेळ चोळायचं, किती वेळ थांबायचं, कधी पुसायचं हे सांगायला घरात घड्याळ नव्हतं. गाणं होतं.

ते गाणं रुडॉल्फच्या बायकोचं, जोसेफिनचं. तिला तिच्या सासूकडून मिळालेलं. मेण लावायच्या ओव्या वेगळ्या, पुसायच्या वेगळ्या. ओवी संपली की हात पुढच्या फळीवर सरकवायचा.

*मेण लावीते बोटानं, बोट फिरे गोल गोल*
*काळ्या रंगाच्या पाण्यात, चंद्र उतरला खोल*

पुरुष हे गाणं ऐकत. पण पाऊस ऐकावा तसं ऐकत, शब्द कोणी मोजत नसे.

जोसेफिननं ते गाणं थोरल्या सुनेला दिलं. बिट्रिस या घरात आली तेव्हा परकर नेसायच्या वयाचीच होती. सासूनं तिला मांडीशी बसवून, तिच्या तळव्यावर आपला तळवा ठेवून शिकवलं. पुढे सासू गेली, वाडीतल्या चर्चमागच्या मातीत निजली. वाडीतले लोक चर्चला देऊळच म्हणत. त्या देवळामागून खाडीचा वारा आला की बिट्रिसला वाटे, सासूच ऐकायला आली. बिट्रिसला मूल नव्हतं. तिच्याकडे हांडी होती, गाणं होतं, आणि गाडी तयार झाली की म्हातारा पडवीतून ओरडायचा, "बिट्रिस, ये गो बाय, आता तुझं राज्य." एवढ्या एका हाकेवर बाईनं किती वर्षं काढली, ते कोणी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही.

मग अँजेला आली.

जेराल्डची नवरी, उत्तनकडची. तिचा बाप मेणबत्त्या करायचा. किनाऱ्यावरच्या निम्म्या देवळांतली वेदी त्याच्या मेणानं उजळायची. अँजेला हसरी, बोलघेवडी, आणि गळा असा की विहिरीवर ओणवी होऊन गुणगुणली तरी विहीर भरून यायची. महिन्याभरात म्हातारा तिच्या चेष्टांना दात नसलेल्या तोंडानं हसायला लागला. बिट्रिसला आठवेना की आपल्या बोलण्यावर तो कधी हसला होता.

एके दुपारी अँजेला गंमत म्हणून एका जुन्या दाराला मेण चोळायला बसली. शेजारी लिनो रोगण ढवळत होता. बघून तो सहज बोलून गेला, "अँजेलाचा हात मऊ हाय. मेणाला मऊ हात मानवतो."

लिनो पुन्हा रोगण ढवळायला लागला. त्याला वाटलं, आपण मेणाविषयी बोललो.

बिट्रिसनं त्या रात्री जेवण वाढलं, भांडी घासली, आणि अंथरुणावर आपले तळवे उताणे करून बघितले. टरपेंटाइननं ते फुटले होते. भेगांत जुनं मेण जाऊन बसलं होतं, काळं. जवसाच्या तेलाची एक खोड असते. उघडं ठेवलं की वरून साय धरतं, बोट लावलं तर वाळल्यासारखं वाटतं, आणि आत ओलंच राहतं. बिट्रिसचा मत्सर असाच. वरून ती तशीच होती. "अँजेला, मासळी चांगली केलीस," म्हणायची, "अँजेला, केसांत फूल माळ गो," म्हणायची. आत थेंब थेंब ओलं.

पावसाळा सरला तेव्हा कल्याणचे वकील त्र्यंबकराव शिगराम सांगायला आले. लेकीचं लग्न ठरलं होतं.

"मिस्त्री, गाडी कल्याणला जायची ती पडावातून, खाडीच्या वाटेनं," त्र्यंबकराव म्हणाले. "आमच्या साडूंनी गेल्या वर्षी अशीच एक नेली. दुसऱ्याकडची हो, तुमची नव्हे. उतरवली तेव्हा अंगावर कोड उठल्यासारखी दिसत होती. व्याह्यांच्या दारात मी तसली गाडी उभी करणार नाही. रंगाला पाणी लागता कामा नये. लागलंच, तर थांबता कामा नये."

"आमचं मेण हाय ना वरतून," रुडॉल्फ म्हणाला.

"कुठलं मेण? काय घालता त्यात?"

रुडॉल्फनं तोंड उघडायच्या आत अँजेला दारातून बोलली, "मामा, पिवळं मेण काळ्या रंगावर ठीक हाय, पन यांच्या गाडीचा रंग तांबडा. त्याच्यावर पिवळं मेण म्हंजे हळद लागलेली नवरी. आणि त्यात तिळाचं तेल, त्यानं मऊ राहतं, धूळ धरतं. माझा बाप मेण उनात घालून पांढरं करतो. त्यात जराशी राळ घातली तर कडक होईल. पाणी थांबायचं नाय."

सासऱ्याच्या आणि परक्या वकिलाच्या देखत नवी सून बोलली. दुसऱ्या घरात तिला आत हाकललं असतं. रुडॉल्फ हसला. "बापाचा धंदा बोलतो हां पोरीच्या तोंडून."

बिट्रिस चुलीपाशी होती. हांडीतलं पिवळं मेण तिनं नुकतंच उतरवलं होतं.

रुडॉल्फ न्यायाचा माणूस. त्यानं ठरवलं, मेणालाच विचारायचं. मोडीत निघालेल्या एका गाडीची दोन दारं होती. लिनोनं दोन्हींना तोच तांबडा रंग, तेच रोगण दिलं. एक दार बिट्रिसनं आपल्या पिवळ्या मेणानं करायचं, दुसरं अँजेलानं आपल्या पांढऱ्या. मग दोन्ही दारं मिठाच्या पडावाच्या कडेला बाहेरून बांधायची. पडाव कल्याणला मीठ घेऊन जाईल, भात घेऊन परत येईल. खाडीच्या पाण्यानं जे दार खराब होणार नाही, त्या बाईचं मेण त्र्यंबकरावांच्या गाडीला.

"आणि त्याच बाईकडे हांडी," जेराल्ड आपल्या बायकोकडे बघून हसत म्हणाला. रुडॉल्फ नाही म्हणाला नाही.

दुसऱ्या दिवशी अँजेला बिट्रिसच्या पुढ्यात येऊन बसली, पाय मुडपून, पोरीसारखी. "बाय, मेणाचं मला कळतं, रंगाचं कायबी ठावं नाय. आमच्यात मेण जाळतात, कोनी लाकडाला लावत नाय. मला गाणं शिकव ना. किती चोळायचं ते तुझ्या गाण्यात हाय म्हनतात."

बिट्रिसनं तिच्याकडे बघितलं. त्या तोंडावर कपट नव्हतं. त्याचाच तिला जास्त राग आला. कपट असतं तर भांडता आलं असतं.

"शिकवते," ती म्हणाली.

आणि शिकवलं. लावायच्या ओव्या शिकवल्या, एकही शब्द न चुकवता. पुसायच्या ओव्या शिकवल्या.

*जुन्या लुगड्याचं सूत, पुसू धीरं धीरं आता*
*रंगामंदी दिसू लागे, माझ्या माउलीचा माथा*

अँजेलाचा गळा पहिल्याच फेरीत ते गाणं असं उचलू लागला की बिट्रिसचं स्वतःचं गाणं तिला परकं वाटलं. पण या दोन्हींच्या मध्ये आणखी काही ओव्या होत्या. जोसेफिन त्यांना मांडीवरच्या ओव्या म्हणायची. त्या म्हणताना हात रंगावर ठेवायचाच नाही. मेण लावून झालं की दोन्ही हात मांडीवर घ्यायचे आणि निवांत, लांबवून लांबवून गायचं, तोवर टरपेंटाइन उडून जातं आणि मेण रंगाला धरतं. मग फडकं. त्या आधी पुसलं तर मेण धरत नाही, माखतं. वरून चमकतं आणि आत लिबलिबीत राहतं.

*हात ठेवीते मांडीवं, निजू दे गं मेणबाय*
*उठवू नका गं कोणी, लेक दमलेली हाय*

त्या ओव्या बिट्रिसच्या ओठापर्यंत आल्या. दातांमागे थांबल्या. तिनं त्या गिळल्या.

"एवढंच?" अँजेलानं विचारलं.

"एवढंच."

अँजेलानं तिच्या फुटलेल्या तळव्याला हात लावला आणि म्हणाली, "तू लई चांगली हाय बाय. माझी सख्खी बहीण मला तिची वेणीसुद्धा शिकवायची नाय."

दोघींनी आपापली दारं आपापल्या जागी केली, एक पडवीच्या या टोकाला, दुसरी त्या टोकाला. अँजेला गात होती. कोणाच्या कानाला काही खटकलं नाही. गाणं कुठे तुटलंय हे ओळखणारं माणूस देवळामागे निजलेलं होतं. दोन्ही दारं वाळली, दोन्ही चमकली. खरं सांगायचं तर अँजेलाचं जास्त.

पडाव गेला, आला, पुन्हा गेला, आला. मग पडावाच्या तांडेलानं दारं सोडून पडवीत आणून टेकवली आणि तंबाखू मळत उभा राहिला.

बिट्रिसचं दार जरा मंद झालं होतं. कडेला मिठाची बारीक रेघ, बस्स. अँजेलाच्या दारावर मात्र ढग उठले होते. बोटांचे, फडक्याचे, सगळ्यांचे माग तसेच्या तसे पांढरे, आणि भाताचा कोंडा, धूळ, मीठ सगळं त्यात जाऊन रुतलेलं. लिनोनं नखानं खरवडून बघितलं. खालचं रोगणसुद्धा उचकटून आलं.

"खरूज झाली रे," तो म्हणाला.

अँजेला दारासमोर उकिडवी बसली. पुन्हा पुन्हा हात फिरवत राहिली. "मी सगळं बरोब्बर केलेलं, मामा. जसं बायनं सांगितलं तसंच. गाणं म्हनत केलं."

रुडॉल्फनं बोटावर थोडं मेण घेऊन चोळलं, हुंगलं. त्याला ते कोडं सुटेना. "चोख मेण असं वागत नाय," तो स्वतःशीच पुटपुटल्यासारखा बोलला. "असं चिकटतं, असं धूळ धरतं, म्हंजे चरबी असनार यात. तुझ्या बापानं चरबी मिसळलीय पोरी."

म्हातारा सहज बोलला. पण तांडेल तंबाखू मळत तिथेच उभा होता.

आता, मेणात चरबी हा शब्द साबणवाल्यासाठी साधा आहे. देवळात तो साधा नाही. वेदीवरची मेणबत्ती मधमाशीच्या मेणाची, चोख हवी. तिच्यात जनावराची चरबी घालणारा म्हणजे देवाच्या तोंडावर लबाडी करणारा. बंदरावरून तो शब्द विहिरीवर गेला, विहिरीवरून देवळाच्या पायरीवर. रविवार उलटायच्या आत देवळाच्या कारभाऱ्यानं उत्तनला निरोप धाडला की मेलेल्यांच्या सणाच्या मेणबत्त्या या वर्षी तुमच्याकडून नकोत. वाडीचं बघून आणखी एका देवळानं तेच केलं. धंदा मरणाच्या वाटेला लागला तो राहू दे, म्हातारपणी त्या माणसाच्या कपाळी डाग लागला.

अँजेलानं गाणं सोडलं. हसणंही. ती भट्टीचा भाता ओढत बसे, कोणी हाक मारली की दचके.

आणि बिट्रिसला हाक आली. "बिट्रिस, गो बाय, गाडी तुझी." हवी होती तीच हाक. पण आता म्हाताऱ्याच्या डोळ्यांत हसू नव्हतं. दातांविनाचं ते हसू बहुतेक अँजेलाबरोबरच भट्टीपाशी जाऊन बसलं होतं.

तरी तिचा मत्सर शमला नाही. जिंकूनही एक शंका टोचत राहिली. एका दुपारी घरात कोणी नव्हतं. अँजेलाच्या पांढऱ्या मेणाचा गोळा कोनाड्यात तसाच पडला होता. बिट्रिसनं आपली लग्नातली पेटी ओढली. झाकण लिनोनं तांबडं रंगवलेलं होतं. अर्ध्या झाकणाला तिनं पिवळं मेण लावलं, अर्ध्याला पांढरं. सगळ्या ओव्या म्हटल्या, मांडीवरच्यासुद्धा, हळू, दारं लावून. मग पुसलं. मग खाडीचं पाणी तांब्यात आणून वरून ओतलं.

पिवळ्या बाजूला पाणी पसरलं, बसलं, आणि वाळताना कडेनं पांढरी किनार सोडून गेलं. पांढऱ्या बाजूला पाणी अळवाच्या पानावर पडावं तसं पडलं. थेंब झाला, दुडुदुडु धावला, खाली गेला. जिथून गेला तिथे काही नाही. तांबडा रंग आत स्वच्छ, जणू नुकता दिलेला.

ती बराच वेळ पाणी ओतत राहिली. पोरीचं म्हणणं खरं होतं. मेण चांगलं, गळा चांगला, हात मऊ, आणि बोललेला शब्दही खरा. आपल्याकडे राहिलं काय? चोरून ठेवलेल्या चार ओव्या. बिट्रिसनं टरपेंटाइन घेऊन झाकण पुसून काढलं, दोन्ही बाजू, कोणाला दिसू नये म्हणून. त्या दिवशी तिला अँजेलाचा आधीपेक्षा जास्त हेवा वाटला. आधी नुसता संशय होता. आता कारण होतं.

मेलेल्यांचा सण आला. संध्याकाळी सगळी वाडी देवळामागे जमली. मातीवर फुलं, प्रत्येकीच्या हातात मेणबत्ती, खाडीवरचा वारा ज्योती वाकवून बघतोय. बिट्रिस सासूच्या क्रुसापाशी उभी होती. थोड्या वेळानं अँजेला आली. तिच्या हातात एकच मेणबत्ती होती, पांढरी, बापाच्या हातची. ती गुडघ्यावर बसली आणि कधी न पाहिलेल्या सासूच्या पायथ्याशी तिनं ती लावली.

शेजारच्या मातीवर वाडीतली ठमाबाई बसली होती. धर्मानं ख्रिस्ती, पण आजीचं जुनं हिंदू नाव लागलेली, तोंडानं तिखट. तिनं आपली मेणबत्ती उचलली आणि हातभर लांब नेऊन ठेवली. "चरबीचा वास येतो गो," ती म्हणाली, कोणाकडे न बघता. तिचं बघून आणखी एकीनं उचलली. मग आणखी एकीनं. जोसेफिनच्या मातीभोवती काळोख झाला आणि मध्ये ती एक ज्योत राहिली, एकटी.

अँजेला रडली नाही. ओंजळ करून ज्योतीला वाऱ्यापासून आडोसा देत बसली. हात भाजत असतील, पण काढले नाहीत.

बिट्रिसच्या मनात आलं, ही इथे जिच्यापाशी उजेड धरून बसलीय त्या बाईनं मला गाणं दिलं, आणि मी ते मधोमध कापलं. तिला आपली मेणबत्ती अँजेलाच्या मेणबत्तीशेजारी नेऊन ठेवायची होती.  इतक्या बायकांत तिला ते जमलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्र्यंबकराव गाडी बघायला आले. पडाव बंदरात लागला होता. मेण चढलं, वाळलं, की गाडी निघणार. शिगराम पडवीच्या मध्यात उभं होतं, तांबडं, आरशासारखं. बिट्रिसनं हांडी आणली, खाली ठेवली आणि भट्टीकडे वळून म्हणाली, "अँजेला, तुझा गोळा आण."

"कशाला?" भाता थांबला.

"आण तर. राळ पण आण."

"अगो, ते चरबीचं मेण या गाडीला?" लिनो पुढे झाला. बिट्रिसनं त्याला हातानंच थांबवलं.

मेण नव्यानं विरघळलं, निवलं. बिट्रिसनं अँजेलाला गाडीच्या एका दारापाशी बसवलं, आपण दुसऱ्या दारापाशी बसली. मध्ये गाडी, दारांच्या उघड्या खिडक्यांतून एकमेकींची तोंडं दिसत होती. "म्हण माझ्याबरोबर," ती म्हणाली.

लावायच्या ओव्या दोघींनी म्हटल्या. अँजेलाचा आवाज आधी घशातच होता, मग सवयीनं वर आला. ओवी संपली, तिचा हात फडक्याकडे गेला. तेवढ्यात पलीकडून बिट्रिसचा आवाज वेगळ्याच वाटेला लागला.

*हात ठेवीते मांडीवं, निजू दे गं मेणबाय...*

तिनं दोन्ही फुटके तळवे मांडीवर ठेवले होते. अँजेलाचा हात अधांतरी राहिला. बिट्रिसनं पुढची ओवी म्हटली, तिच्या पुढची म्हटली, लांबवून लांबवून. वारा आला, टरपेंटाइनचा वास विरत गेला. अँजेलानं हळूच हात मांडीवर घेतले. मेणकऱ्याची लेक ती, तिला आणखी समजावून सांगायला नको होतं.

"हे नव्हतं शिकवलंस," ती म्हणाली.

"नव्हतं."

"इसरलीस?"

बिट्रिसनं मान हलवली. नाही.

पुरुष आपले उभे. त्यांना वाटलं, बायका गाण्याविषयी बोलतायत. बिट्रिसनं फडकं उचललं, पुसायच्या ओवीला तोंड उघडलं. इथे थांबता आलं असतं. पण अँजेला गाडीच्या आरपार तिच्याकडे बघत होती आणि तिचा आवाज अजिबात चढलेला नव्हता.

"बाय, माझ्या बापाचं नाव देवळात चरबीवाला पडलंय. तू हितं नुस्ती गाऊन चालायचं नाय. बोलून सांग."

बिट्रिसनं फडकं खाली ठेवलं. मग सासऱ्याच्या, नवऱ्याच्या, दिराच्या आणि त्या परक्या वकिलाच्या समोर तिनं सांगितलं. मधल्या ओव्या मीच गाळल्या. मेण लावल्या लावल्या पुसायला लावलं. चोख मेणसुद्धा तसं पुसलं तर असंच लिबलिबीत होतं. यात चरबी नाही, कधी नव्हती. दार माझ्यामुळं नासलं.

"का पन?" लिनोनं विचारलं. त्याला खरंच कळलं नव्हतं.

"तू म्हनलास तिचा हात मऊ हाय," बिट्रिस म्हणाली. हे तोंडून बाहेर पडल्यावर किती लहान वाटलं. पण तेच खरं होतं.

लिनो आपल्या रंगानं माखलेल्या बोटांकडे बघत राहिला. जेराल्ड काहीतरी बोलायला पुढे आला, रुडॉल्फनं त्याच्या छातीवर पंजा ठेवला.

"जोसेफिननं गाणं तुला सांभाळायला दिलेलं," म्हातारा म्हणाला. "कापायला नाय." मग, जरा खालच्या आवाजात, "आणि चरबी म्हननारा मी. ते पाप माझं. आज फादरकडे आपन दोघं जाऊ. मग उत्तनला. ठमाबाईच्या दारात तू एकटी जा."

त्र्यंबकरावांनी घसा खाकरला. कोर्टात असल्या गोष्टी ऐकायची त्यांना सवय होती, पण त्या बहुधा जमिनीवरून असत. "मिस्त्री, घरचं तुम्ही घरात बघा. गाडीला मेण कोणाचं, तेवढं मला सांगा म्हणजे झालं."

दोघींनी आपापलं दार पुसून घेतलं. मग रुडॉल्फनं तांब्याभर पाणी घेतलं आणि दारावर ओतलं. पाणी थेंब थेंब होऊन पळालं. वकिलांनी वाकून बघितलं, बोट लावलं, बोट कोरडं निघालं. "हेच," ते म्हणाले.

तर असं हांडीचं राज्य गेलं. कोणी ओढून घेतलं नाही. अँजेला उठली, हांडी उचलली, आपल्या बाजूला नेऊन ठेवली. "दे" म्हणाली नाही, "असू दे बाय" पण म्हणाली नाही. त्या दिवशी नाही, नंतरही बरेच दिवस नाही. गाडीचं अंग, दारं, छप्पर सगळं अँजेलाचं झालं. बिट्रिसच्या वाट्याला चाकं आली. चाकाचं काम चिखलाच्या उंचीचं. प्रत्येक आऱ्यात बोट घालून काळं तेल चोळायचं, खाली बसून, मान मोडून. गाडी रस्त्यानं जाताना चाक फिरतं, त्याची चमक कोणाला दिसत नाही. लिनोनं तिच्या हातात चाकाचं फडकं दिलं, आणि देताना तिचा तळवा दोन्ही हातांत जरा जास्त वेळ धरला. बोलला मात्र काही नाही. मागच्या वेळी बोलून काय झालं ते त्याला पुरतं कळलं होतं.

वकिलांची गाडी गेली. कल्याणहून सांगावा आला की पडावातून उतरली तशी लग्नात उभी राहिली. त्या जोरावर पुढचं शिगराम आलं. ठमाबाईच्या दारात बिट्रिस गेली. काय काय ऐकून घ्यावं लागलं ते तिनं घरी सांगितलं नाही. उत्तनचा म्हातारा स्वतः नाताळाच्या मेणबत्त्या घेऊन कोपरीला आला, पडवीत बसला, बिट्रिसच्या हातचं पेज-पाणी घेतलं आणि तिच्याशी अवाक्षर न बोलता गेला.

नव्या गाडीचं मेण सुरू झालं त्या सकाळी बिट्रिस मागल्या चाकापाशी बसलेली. वर अँजेला. लावायच्या ओव्या झाल्या. तिनं हात मांडीवर घेतले आणि मांडीवरच्या ओव्या धरल्या, जशाच्या तशा, सासूच्या. त्या संपल्या तरी तिनं हात उचलला नाही. घसा मोकळा केला आणि त्याच चालीवर एक नवी ओवी लावली.

*माझ्या जावंच्या गाण्याला, होतं मधी एक भोक*
*मेण भरून बुजीलं, आता ऐकू देत लोक*

जेराल्ड खो खो हसला. भट्टीवरचा गडी हसला. म्हाताऱ्या रुडॉल्फनं रंधा थांबवला, आणि त्याच्या बोळक्या तोंडात इतक्या दिवसांनी ते हसू परत आलं. अँजेलानं गाडीवरून खाली वाकून बघितलं. पहिल्यांदाच सरळ तिच्याकडे. डोळ्यांत पाणी नव्हतं, दयाही नव्हती. नुसती वाट बघत होती, लागलं का म्हणून.

बिट्रिसच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. ओवी लागली होती. पण लागली त्यापेक्षा एक गोष्ट वाईट होती. ओवी चांगली होती. अक्षर कमी नाही, अक्षर जास्त नाही. सासूच्या ओव्यांशेजारी ठेवली तर वेगळी ओळखू येऊ नये. ही ओवी आता गाण्यात राहणार. अँजेलाची सून म्हणेल, तिची सून म्हणेल, आणि दर वेळी कोणीतरी विचारील, कोण होती गं ती जाव? आपण इतकी वर्षं म्हटलं, एक अक्षर आपलं म्हणून त्यात घातलं नाही. हिनं पहिल्याच वर्षी घातलं.

"भोक नको," ती खालून म्हणाली. "भोक चाकाला असतं. खाच म्हन."



"खाच आनि लोक जुळतं का गो बाय?" अँजेला म्हणाली.

जुळत नव्हतं. बिट्रिसनं बोट तेलात बुडवून पुढच्या आऱ्यावर ठेवलं. वर ती ओवी पुन्हा सुरू झाली होती, आणि तिचं बोट, तिला न विचारता, त्याच ठेक्यावर फिरायला लागलं.